वच्छलाबाईने पास केलेले टायर

२०२३ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या जानेवारीत वच्छलाबाईने स्वतः पास केलेला टायर स्वतःच नापास केला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. म्हणून आधी ती कशी होती ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, बाकी सगळा जन्म स्टेअरिंगवर गेला. लिहिण्यात चुका होतील. पण खोटं लिहिणार नाही, आणि कोणी मला दुरुस्त करायला आलं तर ऐकणारही नाही.

आता ती नाही. गेल्या साली रामाकोन्याला बहिणीच्या घरी वारली. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यातून नागपूरकडे जाताना हायवेला लागायच्या आधी डाव्या हाताला तिचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. बाहेर टायरची उतरंड आणि आत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे रोज सकाळी अगरबत्ती. उंच, हडकुळी बाई. लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घालायची आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडायची. उजव्या अंगठ्याचं नख तिने वाढवलेलं होतं. ते नख म्हणजे तिचं सगळं यंत्र. गाडी येऊन उभी राहिली की ती ड्रायव्हरचं नाव-गाव विचारत नसे. चाकापाशी उकिडवी बसायची, रबरावर नख दाबायची. नख रुतलं नाही तर म्हणायची, "पास." रुतलं तर, "नापास." यांच्या मधलं काही नव्हतं. कोणी हुज्जत घातली की म्हणायची, "तू दहावीत नापास झाला तं झाला, टायर तरी पासवाला घे."

तिचा नवरा सुखदेव माझा मित्र. पंक्चरचं दुकान त्याचंच. तो काविळीने गेला तेव्हा निलेश रांगत होता. सौंसरहून दोघे दीर आले. बाईमाणसाचं हे काम नव्हे, दुकान विकून टाका, सौंसरला चला, असं त्यांचं म्हणणं. मी तिथेच बसलो होतो. वच्छलाबाईने ट्रकचा एक टायर आडवा पडला होता तो दाखवला आणि म्हणाली, हा उचला. दोघांनी हात लावला, हलला नाही. तिने लोखंडी पहार टायरखाली घातली, टायर उभा केला आणि दोघांच्या भोवती फिरवून आणला. "हा गोल हाय भाऊ. उचला लागत नाही, लोटा लागते." दीर चहा पिऊन गेले ते दुकानाचा विषय घेऊन परत आले नाहीत.

कडक टायर चांगला, नरम टायर वाईट, हे तिचं पक्कं होतं आणि आमच्या मुलखात ते खरंच होतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. त्या रस्त्यावर संत्र्याने भरलेली गाडी नरम रबरावर घातली की टायर पाटीवरच्या खडूसारखा झिजतो. म्हणून ती रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला कडक माल ठेवायची. तिच्याकडून टायर घातलेली गाडी उन्हाळा काढून यायची. एकदा नागपूरहून एक टाय घातलेला पोरगा नव्या टायरचा नमुना घेऊन आला. बारीक बारीक चिरा पाडलेला मऊ रबराचा तुकडा. बरंच काही इंग्रजीत बोलला. तिने नख दाबलं, ते आत गेलं. म्हणाली, "हे पोळीवर लावून खाय बापू. उन्हात कायले आणलं?" तो पोरगा लाजेने तुकडा तिथेच टाकून गेला. पुढे दुकानात पाणी साचलं की ती तो पायाखाली घ्यायची.

मी गाडी सोडल्यावर रोज तिच्या दुकानासमोर जाऊन बसायचो. भांडण करायला दुसरी चांगली जागा नव्हती. ती मला भाऊजी म्हणायची, मी तिला वहिनी. "भाऊजी, तुमाले घरी कोणी ऐकून घेत नाही म्हणून इकडं येता." मी म्हणायचो, तुम्हाला तरी दुसरं कोण मिळतं ऐकवायला. ती कोणत्याही गोष्टीला हो म्हणाली की मी नाही म्हणायचो. मला नाही म्हणायची सवयच आहे. पण माझी बायको गेली तेव्हा घरात चूल पेटेपर्यंत वच्छलाबाईच्या घरून डबा आला. सगळं आटोपून मी पहिल्यांदा दुकानावर गेलो तर लोक माझ्याकडे पाहून तोंड पाडून उभे. या बाईने माझ्या हातात हवा मोजायचं मीटर दिलं आणि म्हणाली, "त्या निळ्या गाडीची हवा पाहा. सांत्वन बिंत्वन मले येत नाही." त्या एका वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कोणाच्या रडण्याने वाटलं नाही. सांत्वन तिला खरंच येत नसे, आणि कोणी केलेलं चालतही नसे.

निलेश मोठा झाला, ड्रायव्हर झाला. माझ्याच हाताखाली गाडी शिकला. हसरा पोरगा. आईच्या नखाला तो सरकारी शिक्का म्हणायचा. पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे, सगळे त्याला शेठ म्हणत, तो गाडीवर होता. त्या जानेवारीत शेठच्या डोक्यात आलं की दिल्लीच्या बाजारात भाव पडतो तर माल थेट श्रीनगरला न्यावा. तिकडे थंडीत संत्र्याला मागणी असते म्हणे. दोन गाड्या ठरल्या. पहिली निलेशची, तिच्यानंतर मोहगावच्या देवानंदची. आमच्या भागातले ड्रायव्हर दिल्लीपर्यंत, पंजाबपर्यंत जात. बर्फाच्या घाटात कोणी गेलं नव्हतं. पूर्ण पांढुर्ण्यात बर्फावर गाडी चालवलेला मी एकटा होतो, आणि तोही जवानीत, एकदाच, बनिहालपर्यंत.

दोन्ही गाड्यांचे टायर एकाच दिवशी वच्छलाबाईकडे बदलले. पोराची गाडी म्हणून तिने जास्त काळजी घेतली. तिची काळजी म्हणजे काय, तर उतरंडीतले सगळ्यात कडक टायर काढले. नख दाबलं की टक् आवाज यावा असे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, वहिनी, हे टायर तिथे चालणार नाहीत, नरम पाहा. ती पान्याने बोल्ट आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "बर्फ कडक असते भाऊजी. कडकाले कडकच पाह्यजे. नरम टायर त्याच्यावर फाटून जाईन."

मी सांगितलं की थंडीत रबर आणखी आकसतं, कडक टायर तिथे दगड होतो आणि दगड बर्फावर थांबत नाही. माझी गाडी तिथे कशी काचेवर ठेवल्यासारखी आडवी फिरली तेही सांगितलं.

"तुमाले चालवता येत नव्हती म्हणून फिरली."

निलेश हसला. देवानंद हसला. मला राग आला. मी म्हटलं, निदान चाकाला बांधायच्या साखळ्या तरी न्या. तर पांढुर्ण्यात साखळ्या कोण विकणार? आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात टाकतात. शेठ म्हणाला तिकडे वाटेत कुठेही मिळतात, निलेश म्हणाला, हो काका, घेतो. मी चार वेळा बजावलं. जास्त कोणाला विनवण्या करणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी निलेश गेला. गाडीच्या मागे संत्र्यांखाली घातलेल्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा वास आणि संत्र्याचा वास, दोन्ही बराच वेळ दुकानासमोर राहिले.

गाडी गेली आणि वच्छलाबाईची झोप गेली. मला तिने सांगितलं नाही, पण माझं बोलणं तिला लागलं होतं. चारेक दिवसांनी ती सकाळीच माझ्या दारात आली. माझ्या दारात ती कधी येत नसे. "चला," म्हणाली. कुठे, तर बर्फाच्या कारखान्यात. गावाबाहेर एक कारखाना आहे, थंडीत एकच टाकी चालते, मासेवाल्यांपुरती. आदल्या संध्याकाळी तिने तिथे टायरचे दोन तुकडे नेऊन थंडीत ठेवायला दिले होते. एक तिच्या सगळ्यात कडक रिमोल्डचा, निलेशच्या गाडीला घातलेल्या टायरचाच भाऊ. दुसरा त्या टायवाल्या पोराचा, पायाखालचा.

कारखान्यातल्या माणसाने बर्फाची एक लादी बाहेर काढून ओल्या फरशीवर ठेवली. त्याला वाटलं बाई वेडी झाली. तिने दोन्ही तुकडे लादीवर ठेवले, प्रत्येकावर एक वीट, प्रत्येकाला सुतळी. आधी कडक तुकड्याची सुतळी ओढली. जोर लावायचीही गरज पडली नाही. तुकडा विटेसकट सरकला आणि लादीच्या टोकावरून खाली पडला. मग नरम तुकड्याची सुतळी ओढली. तो हलेना. तिने आणखी जोर लावला तर तुकडा नाही, लादीच तिच्याकडे सरकत आली.

तिने विटा बदलल्या. पुन्हा केलं. लादी उलटी करून पुन्हा केलं. कारखान्याचा माणूस आधी हसत होता, मग स्वतःच वाकून पाहायला लागला. शेवटी तिने कडक तुकडा हातात घेतला आणि नख दाबलं. पाटीवर वाजावं तसं वाजलं. नरम तुकड्यावर दाबलं. इतका गारठलेला, तरी नख आत गेलं. ती त्या ओल्या फरशीवर बसली. लुगडं भिजलं तरी उठली नाही.

"नापास," म्हणाली. "भाऊजी, निलेशले फोन लावा."

मी तिथूनच लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. काय झालं ते मला समजलं होतं. आमच्याकडचं प्रीपेड सिम लखनपूरच्या पुढे चालत नाही. जम्मूची हद्द लागली की फोन मुका होतो. म्हणजे निलेश हद्द ओलांडून गेला होता. शेठकडे गेलो. शेठ म्हणाला, पोहोचला की तिथला व्यापारी कळवेल, काळजी कशाला करता. वच्छलाबाई त्याला म्हणाली की टायर चुकीचे आहेत, गाडी थांबवा. तो म्हणाला, मी इथे बसून कुठे थांबवू? आणि ते खरंच होतं.

मग तिने जे केलं ते मला सुचलं नसतं. काश्मीरहून सफरचंदाच्या गाड्या आमच्याच हायवेने नागपूरला जातात. ती हायवेवर जाऊन उभी राहिली. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर पाहायची. तिकडचा नंबर दिसला की हात करायची. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी बाजूने काढून गेली. मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी ओढत होतो, पण टायर लोटणारी बाई माझ्या एकाहत्तरीच्या हाताने कुठे ओढली जाते? एक गाडी तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबली. वरून पांढऱ्या दाढीचा ड्रायव्हर उतरला, चिडलेला. बशीर त्याचं नाव, मागून कळलं. "मरना है क्या, अम्मा?"

ती त्याच्या चाकापाशी बसली, नख दाबलं. रुतलं. गाडीच्या पोटाखाली जाड साखळ्या टांगलेल्या होत्या, त्यांवर तिने हात ठेवला. मग वर पाहिलं आणि जमेल तसं हिंदीत म्हणाली, "मेरा लडका उधर है. उसके टायर मैंने पास किये."

बाकी मी समजावून सांगितलं. बशीरचा राग गेला. त्याचा साडू बनिहालजवळ थांबलेल्या गाड्यांच्या रांगेतच होता. त्याला फोन केला. बर्फ पडलं की तिकडे गाड्या थोपवून धरतात आणि रस्ता साफ झाला की एकेक बाजू सोडतात. साडूला सांगितलं, रांगेत चालत जा, मध्य प्रदेशची संत्र्याची गाडी शोध, ड्रायव्हरला म्हणावं पुढे जाऊ नको, आईचा निरोप आहे. वच्छलाबाईने मध्येच त्याचा हात धरला. म्हणाली, असं सांगा की आई म्हणते मी चुकली. नाही तर तो ऐकायचा नाही. माझं नख त्याले देव वाटते.

बशीरची सफरचंदं नागपूरला त्याच दिवशी पोहोचायची होती. तो हलला नाही. "जवाब आने दो," म्हणाला आणि गाडी कडेला लावून आमच्याबरोबर बसून राहिला. मी चहा आणला. तिने ग्लास हातात धरला, प्यायली नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला. संत्र्याची गाडी रांगेत नाही. सकाळी काही गाड्या सोडल्या, त्यात गेली. वच्छलाबाई म्हणाली, मग पुढच्या माणसाला विचारा. बशीरने साडूला सांगितलं, साडूने पुढे कोणाला. पुन्हा थांबणं. पुन्हा फोन वाजला तेव्हा बशीर उठून जरा लांब गेला. ऐकता ऐकता त्याने डोक्यावरची टोपी काढली. मला बोलावलं आणि हळूच सांगितलं.

मी तिच्यासमोर गेलो. गोल गोल बोलणं मला येत नाही. म्हटलं, "वहिनी, वळणावर गाडी घसरली. निलेश गेला."

ती बशीरकडे वळली आणि विचारलं, त्याच्या पुढच्या-मागच्या गाड्यांचं काय झालं?

बशीर खाली पाहून म्हणाला, "निकल गयीं, अम्मा."

निलेशला घरी आणलं. कसं आणलं ते लिहीत नाही. त्याच्या चाकाला साखळी नव्हती, रस्ता सुटला म्हणून तो घाईत निघाला होता, एवढं कळलं. विहारातले भन्तेजी आले, वंदना झाली, सगळं रीतीने झालं. भन्तेजी बोलले ते तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण मग गाव आलं. कोणी म्हणे रस्ताच तसा, तिथे कोणी वाचत नाही. कोणी म्हणे त्याची वेळ आली होती. शेठ हात जोडून म्हणाला, वच्छलाताई, टायरचा काही दोष नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सौंसरचे दीरही तेच म्हणाले. ती भिंतीला टेकून बसलेली. प्रत्येकाला एकच उत्तर. "रस्ता सगळ्यायले एकच होता."

मी त्या समजूत घालण्यात सामील झालो नाही. खोटं बोलायचं नव्हतं, आणि तिच्या मेलेल्या पोरावर माझं खरं ठरल्याचं मला सुखही नव्हतं. आयुष्यात इतकी भांडणं जिंकलो, हे एक हरलो असतो तर बरं झालं असतं.

पुढे जे झालं त्यासाठी मी हे लिहायला घेतलं. शेठची दुसरी गाडी निघायची होती. देवानंदची. ठरलेला माल होता, तिकडचा व्यापारी वाट पाहत होता, म्हणजे गाडी जाणारच. वच्छलाबाईला कोणीतरी बोलता बोलता सांगितलं की शेठच्या संत्र्याच्या वाडीत देवानंदची गाडी भरायला लागली, उद्या सकाळी सुटते. ती तशीच उठली. निलेश गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. मला बोलावणं धाडलं. आम्ही दोघं शेठच्या वाडीवर गेलो.

गाडी अर्धी भरली होती. बायका संत्री तणसात मांडत होत्या. वच्छलाबाईला पाहून त्यांचे हात थांबले. देवानंद पुढे आला, तिच्या पाया पडला. तो आजही पांढुर्ण्यातच आहे, दोन लेकरांचा बाप, मला पाहिलं की रस्ता बदलतो. ती म्हणाली, "देवानंद, हे टायर काढ. नापास हाय."

तो म्हणाला, "मावशी, तुमीच तं पास केले."

"मीच नापास करून राहिली ना."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या बोलण्यामुळे नाही, तिची कीव येऊन. तो म्हणाला, मावशी, तुमच्यावर दुःख कोसळलं हाय, तुमी घरी जा, आराम करा. ते टायरचं नव्हतं मावशी, सगळे म्हणतात. मी जामसांवलीच्या देवळासमोर गाडीपुढं नारळ फोडून आलो, काही होत नाही मले.

शेठने खुर्ची मागवली, चहा मागवला. तिला बसवलं. तीच समजूत घालणं पुन्हा सुरू झालं. वच्छलाताई, तुमचा हात लागलेले टायर म्हणजे सोनं, गावात कोण नाही म्हणतो? तिने बर्फाच्या कारखान्यातलं सगळं सांगितलं. विटा, सुतळी, लादी. शेठ मान हलवत होता, जशी लहान लेकराच्या बोलण्यावर हलवतात. मी म्हटलं, नागपूरहून नरम टायर आणि साखळ्या मागवा, एक दिवस लागेल, फार तर दोन. तो म्हणाला, तुळशीरामभाऊ, संत्रं थांबत नाही. आणि तुम्ही तर वच्छलाताईच्या प्रत्येक टायरला नाही म्हणत आलात, जगजाहीर आहे. देवानंदही हसला, पण दुःखाने. मी तिथे दिवसभर ओरडलो असतो तरी ते माझं नेहमीचं भांडणच ठरलं असतं.

तेव्हा मला उमजलं काय झालं होतं ते. तिला बरं वाटावं म्हणून सगळ्या गावाने टायरला निर्दोष सोडलं होतं. आता त्याच टायरवर दुसरं पोरगं जाणार होतं, आणि ते थांबवायला तिच्याकडे शब्द उरला नव्हता. तिच्या एका शब्दावर गाड्या उभ्या राहायच्या. आता ती ओरडून सांगत होती आणि लोक तिला पाणी देत होते.

परत येताना ती वाटेत थांबली. तिच्या दुकानासमोरच. कुलूप लावलेलं होतं. म्हणाली, "भाऊजी, जनमभर तुमी मले नाही म्हणत आले. आज एकदा हो म्हणा. तोंडावर म्हणा. टायरनंच गेला ना तो?"

मी म्हटलं, "हो वहिनी. टायरनंच गेला. तुम्ही पास केलेल्या."

तिने डोळे मिटले. इतक्या दिवसांनी तिच्या खांद्यांचा ताण जरा सैल झालेला मी पाहिला. लोकांना वाटेल मी निर्दय. लोकांना काय वाटतं याची फिकीर मी कधी केली नाही. ती म्हणाली, "मंग देवानंदचं काय?" मी तिला घरापर्यंत सोडलं. ती जाताना वळून पुन्हा तेच म्हणाली, देवानंदचं काय भाऊजी, त्याले दोन लेकरं हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी शेठच्या वाडीवर गेलो. गाडी भरून, ताडपत्री आवळून तयार होती. देवानंद विहिरीवर आंघोळ करत होता. मी खिशातून छोटा पाना काढला आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. हवा अडवणारी पिन काढली की टायर सुस्कारा टाकतो, मोठा. गाडी एका बाजूला कलायला लागली. मागच्या जोडचाकांपाशी गेलो तेव्हा गुडघे टेकावे लागले, चिखल होता. आतल्या चाकापर्यंत हात पोहोचेना, तिथे अर्धा गाडीखाली आडवा झालो. देवानंद आवाज ऐकून ओल्या पंच्यावर धावत आला, काका काय करून राहिले, म्हणत माझा पाय ओढायला लागला. मी थांबलो नाही. एकही चाक सोडलं नाही, वर बांधलेल्या स्टेपनीचंही नाही. मग सगळ्या पिना गोळा केल्या, विहिरीपाशी गेलो आणि पाण्यात टाकून दिल्या.